इंजेक्शनशिवाय विद्यापीठाच्या स्टेजवर उभं राहता येतं का?

प्रश्न असा आला आहे: "सर, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय २०, उंची पाच फूट सात इंच, वजन ७२ किलो. मूळचा कराडकडचा, पुण्यात कॉट बेसिसवर राहतो, जेवण मेसचं. दोन वर्षं जिम करतोय. पाच महिन्यांनी आमची आंतरमहाविद्यालयीन बेस्ट फिजिक, म्हणजे शरीरसौष्ठव स्पर्धा आहे, ७० किलो गटात उतरायचं मनात आहे. जिममधले ट्रेनर म्हणतात, एक सायकल (स्टेरॉइडचा कोर्स) मारल्याशिवाय तू स्टेजवर दिसणारच नाहीस. घरचे म्हणतात, आधी शिक्षण बघ. काय करू?" सोबत तीन फोटो पाठवले आहेत: समोरून, बाजूने आणि मागून. तिन्हींत ट्रॅक पँट.

उत्तर: येतं, आणि ताठ मानेनं येतं. कॉलेजच्या मुलांना स्टेजसाठी तयार करण्यात आणि परीक्षकांच्या टेबलामागे बसण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यावरून सांगतोय. पण तुझ्या प्रश्नातले दोन आकडे आधी बदलावे लागतील. एक, ७० किलोचा गट. दोन, पाच महिने. सायकल मारायचा विचार या दोन आकड्यांतूनच आलाय.

आधी गटाचं बघू. वजन ७२ आहे, दोन किलो उतरवले की ७० चा गट, असं जवळजवळ प्रत्येक नवखा मुलगा धरून चालतो. तुझ्या फोटोंवरून चरबी १६-१७ टक्क्यांच्या आसपास वाटते. म्हणजे ७२ पैकी १२ किलो चरबी आणि ६० किलो बाकी सगळं: स्नायू, हाडं, पाणी. स्टेजवर मांडीचे भाग सुटे दिसायचे असतील तर चरबी सहा-सात टक्क्यांवर यायला हवी. कितीही जपलं तरी उतरताना थोडा स्नायूही जातो. हिशेब मांडलास तर तू स्टेजवर ६२-६३ किलोला उभा असशील. गट साधारण पाच-पाच किलोंच्या अंतराने असतात, म्हणजे तुझा गट ६५ चा. ७० मध्ये उतरायचं म्हटलंस तर एक तर पोटावर चरबी ठेवून उभा राहशील, नाहीतर सात-आठ किलो स्नायू पाच महिन्यांत कुठून तरी आणावा लागेल. तुझ्या ट्रेनरची 'सायकल' नेमकी याच सात-आठ किलोंसाठी आहे. गट बरोबर निवडलास तर तिची गरजच उरत नाही.

आता पाच महिने. वीस आठवडे म्हणू. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का एवढ्या वेगाने वजन उतरवलं तर स्नायू बऱ्यापैकी टिकतो. तुझ्या बाबतीत आठवड्याला चारशे-पाचशे ग्रॅम. नऊ किलो उतरवायला वीस आठवडे बरोबर पुरतात, त्यात एखादा आठवडा तापाचा, एखादा सबमिशनचा वाया गेला तरी चालतो. मात्र या काळात नवीन स्नायू फारसा चढणार नाही. दोन वर्षांत जे कमावलंस तेच उघडं करायचंय. त्यामुळे हे वर्ष ६५ किलो गटात, शिकण्यासाठी उतर. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची मर्यादा २५ आहे आणि तू २० चा आहेस. पदवीनंतर पुढचं शिक्षण घेतलंस तर चार-पाच मोसम तुझ्या हातात आहेत. मला तुझ्या वयाच्या मुलांमध्ये सगळ्यात जास्त खटकते ती ही घाई. एवढा वेळ हाताशी असलेला खेळाडू दुसरीकडे कुठे मिळणार नाही, आणि तोच पाच महिन्यांत सगळं संपवायला निघतो.

विद्यापीठाची वाट कशी असते तेही समजून घे, म्हणजे कुठे किती जोर लावायचा ते कळेल. आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पसारा पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचं नगर) आणि नाशिक असा तीन जिल्ह्यांचा. आधी कॉलेजची निवड, मग आपल्या विभागातली आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ आणि तो संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला. तिथे वेटलिफ्टिंग, पॉवरलिफ्टिंग आणि बेस्ट फिजिक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी भरतात. विभागापर्यंतच्या पातळीवर तयारीची मुलं फार नसतात. अंगावर मास, म्हणजे स्नायूंचा भरणा असलेली भरपूर असतात, पण कट्स, म्हणजे स्नायू सुटे दाखवणाऱ्या रेषा असलेली आणि पोझ येणारी थोडीच. इथेच नैसर्गिकरीत्या तयारी केलेल्या मुलाला जागा आहे. देशपातळीवर चित्र वेगळं असतं, पंजाब-हरियाणाकडची मुलं अंगाने मोठी दिसतात. तिथली चिंता यंदा तुझी नाही.

ट्रॅक पँटकडे वळतो, कारण तुझी खरी तयारी तिच्या आत आहे. छाती आणि दंड चांगले आहेत. खांद्याची गोलाई तर छान आहे, ती बरीचशी जन्मजात असते, जप. पण पँटच्या कापडावरूनही मांडी भरलेली नाही हे दिसतं, आणि पिंढरीचं नावच नाही. शरीरसौष्ठवाच्या सात अनिवार्य पोझेस असतात: फ्रंट डबल बायसेप्स, फ्रंट लॅट स्प्रेड, साईड चेस्ट, बॅक डबल बायसेप्स, बॅक लॅट स्प्रेड, साईड ट्रायसेप्स आणि ॲब्डॉमिनल्स अँड थाईज. या सातही पोझेसमध्ये पाय दिसतात. दंड तीन-चार पोझेसमध्येच खऱ्या अर्थाने मोजला जातो. तरी पुण्यातल्या कुठल्याही जिममध्ये सोमवारी संध्याकाळी जा, बेंच प्रेसला रांग आणि स्क्वॉट रॅक रिकामा.

म्हणून आजपासून आठवड्यातले दोन दिवस पायांचे. एक दिवस स्क्वॉट, लंजेस आणि लेग एक्स्टेन्शन. दुसरा दिवस रोमानियन डेडलिफ्ट आणि लेग कर्ल, म्हणजे मांडीची मागची बाजू, जी नव्या मुलांना आपल्याला आहे हेच माहीत नसतं. पिंढरीला दोन्ही दिवशी उभ्याने आणि बसून, खाली पूर्ण ताण देऊन, वर क्षणभर थांबून. झटके देत केलेले पन्नास रेप्स (आवर्तनं) पिंढरीला कळतही नाहीत. पाठीला पुल-अप्स आणि बारबेल रो. प्रत्येक मोठ्या स्नायूला आठवड्याला १० ते १६ कामाचे सेट पुष्कळ झाले, त्यातला प्रत्येक सेट अजून एक-दोन रेप्स निघाले असते इथपर्यंत नेऊन थांबव. वजन उतरत असताना बारवरचं वजन शक्य तितकं टिकवायचं. कटिंग म्हणजे हलकं वजन आणि जास्त रेप्स, हा जिममधला जुना समज आहे. ज्या वजनाने स्नायू आला त्याच वजनाने तो टिकतो.

जमलं तर सुट्टीच्या सकाळी पेठेतल्या एखाद्या तालमीत जाऊन शंभर-दोनशे बैठका मार. चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम ही नावं पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या घेतली जातात ती उगाच नाहीत. कुस्तीगिराच्या मांडीकडे नीट बघ. लेग प्रेस नावाचं यंत्र यायच्या कितीतरी आधी ती मांडी घडत होती.

पोझिंगबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण विभागीय पातळीवर पहिला आणि चौथा यांच्यातला फरक बहुतेक वेळा इथे पडतो. परीक्षक समोर खाली बसलेले असतात, दिवा डोक्यावर असतो, आणि पाच-सहा मुलं एका ओळीत. पुकारा होतो: "बॅक डबल बायसेप्स." सगळे पाठ करतात, हात वर. त्यातला ज्याला पोझ येते तो आधी एक पाय मागे घेऊन चवड्यावर रोवतो, टाच वर, पिंढरी आवळतो, मग मांडीची मागची बाजू आणि पुठ्ठे आवळतो, आणि शेवटी हात. कोपरं खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वर, छातीचा वरचा भाग जरासा मागे, म्हणजे खाली बसलेल्या परीक्षकाला पाठ पूर्ण दिसते आणि वरच्या दिव्याची सावली कट्समध्ये पडते. ज्याला येत नाही तो दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून नुसते दंड फुगवतो. त्याची पिंढरी असली तरी दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला गुण देता येत नाहीत. मी टेबलामागे बसून अशी चांगली शरीरं मागे पडताना पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी जीव हळहळलाय.

साईड चेस्टमध्ये परीक्षकांकडचा पाय गुडघ्यात वाकवून चवड्यावर, मांडी दुसऱ्या मांडीवर दाबलेली म्हणजे ती बाजूने रुंद दिसते, श्वास भरून छाती वर. ॲब्डॉमिनल्समध्ये उलट, श्वास पूर्ण सोडायचा, एक पाय पुढे, मांडी आवळलेली. लॅट स्प्रेडला, म्हणजे पाठीचे बाजूचे स्नायू (लॅट्स) पसरून दाखवताना, अंगठे कमरेवर आणि कोपरं पुढे आणायची, मागे नाही. आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे पोझेसच्या मधलं नुसतं उभं राहणं. तिथेही कुणी ढिला नसतो. पाय आवळलेले, पोट आत, लॅट्स उघडे, चेहरा शांत. दुसऱ्याच्या पोझेस चालू असताना ज्याचं पोट सुटतं त्याच्यावर परीक्षकाची नजर जातेच.

हे येण्यासाठी रोज २०-२५ मिनिटं पोझिंग कर. प्रत्येक पोझ १५ सेकंद धरायची. पहिला महिना आरशासमोर, नंतर आरशाशिवाय, आणि रूममेटला मोबाईलवर शूटिंग करायला सांग. स्टेजवर आरसा नसतो, पाय कुठे आहे ते आतून कळायला हवं. पहिल्या आठवड्यात पेटके येतील, घाम फुटेल. तो व्यायामच आहे. वैयक्तिक पोझिंगला साधारण एक मिनिट मिळतं. त्यासाठी गाणं असं निवड की जे तुझ्या शरीराला शोभेल. ६३ किलोच्या मुलाने धडाम-धुडूम संगीतावर आव आणू नये, संथ, एका पोझमधून दुसरीत वाहत जाणारं काहीतरी जास्त उठून दिसतं.

आता इंजेक्शन. इथे मी हातचं राखून बोलणार नाही.

'सायकल' म्हणजे बाहेरून दिलेलं टेस्टोस्टेरॉन किंवा त्याची भावंडं. ती आत गेली की मेंदू अंडकोशांना संदेश पाठवणं थांबवतो, कारण त्याच्या दृष्टीने माल बाहेरून येतोय. अंडकोश आकसतात, शुक्राणू कमी होतात. सायकल थांबल्यावर ते कारखाने पुन्हा सुरू व्हायला महिने लागतात, काहींचे पूर्वपदावर येतही नाहीत. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं काही प्रमाणात इस्ट्रोजेन होतं, त्यातून छातीत गाठ येते, जी बऱ्याचदा ऑपरेशननेच काढावी लागते. चांगलं कोलेस्टेरॉल कोसळतं, रक्त दाट होतं, हृदयाची भिंत जाड होते. गोळ्यांचा भार यकृतावर पडतो. वीस वर्षांच्या मुलाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन आधीच आयुष्यातल्या भरतीच्या पातळीला असतं. ते कॉलेजच्या एका मेडलसाठी बंद पाडायचं, हे मला कुठल्याही हिशेबात बसवता आलेलं नाही.

पुण्यात याहून एक वेगळं संकट फिरतंय, त्याचंही नाव घेतो: मेफेंटरमाइन. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब खाली गेला तर डॉक्टर हे औषध देतात. गेल्या काही वर्षांत जिमला जाणाऱ्या मुलांना ही इंजेक्शनं चोरून विकणाऱ्यांना पुणे पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा आल्या आहेत. मुलं ते 'स्टॅमिना'साठी घेतात. त्याने स्नायू वाढत नाही. नाडी आणि रक्तदाब उसळतात, थकवा कळेनासा होतो, झोप उडते, आणि सवय लागते. कुणी व्यायामाआधी सुई पुढे केली तर ती जिम सोड. फी बुडाली तरी सोड.

कायद्याची बाजू अशी. आपल्या देशात नाडा, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक विरोधी संस्था, चाचण्या घेते, आणि २०२२ च्या कायद्याने तिला पक्कं बळ दिलंय. स्टेरॉइड्स आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या वर्षभर, स्पर्धा असो वा नसो, निषिद्ध आहेत. मेफेंटरमाइन स्पर्धेच्या काळात निषिद्ध. स्टेरॉइड्समध्ये पहिल्यांदा सापडलास तरी साधारण चार वर्षांची बंदी बसते. चार वर्षं म्हणजे तुझी विद्यापीठाची सगळी कारकीर्द. "मला माहीत नव्हतं, डब्यात काय होतं" हे उत्तर चालत नाही, शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. म्हणून रस्त्यावरच्या दुकानातला बिनबिलाचा, स्वस्तातला प्री-वर्कआउटचा (व्यायामाआधी घ्यायच्या पावडरचा) डबा घेऊ नकोस. सर्दीचं औषध घेतानासुद्धा नाडाच्या 'नो युवर मेडिसिन' (Know Your Medicine) या अ‍ॅपवर नाव टाकून बघ.

तरी मनात येईल की औषधांशिवाय कुणी कधी मोठा झालाय का. मनोहर आईच यांचं नाव ऐकलं असशील. पाच फुटांपेक्षाही थोडी कमी उंची, ब्रिटिशांच्या तुरुंगात असतानाही व्यायाम सुरू ठेवलेला माणूस, १९५२ साली लंडनमध्ये आपल्या उंचीच्या गटात मिस्टर युनिव्हर्स झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९५१ मध्ये, मोनोतोष रॉय. डायनाबॉल नावाची पहिली गाजलेली स्टेरॉइडची गोळी बाजारात आली ती १९५८ साली. आईच २०१६ मध्ये गेले, शंभरी ओलांडून.

सप्लिमेंट्सबद्दल थोडक्यात. बिल आणि सील असलेल्या दुकानातून क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज तीन ते पाच ग्रॅम, हे एवढं उपयोगी आहे. व्हे प्रोटीन म्हणजे सोय, जादू नाही. परवडत नसेल तर काही अडत नाही. बाकी रंगीत डबे पैसे उडवायला असतात.

मेसचं जेवण हा तुझ्यासाठी अडथळा वाटत असेल, पण पुण्यात मेसवर राहून स्टेजवर गेलेली मुलं भरपूर आहेत. तुला दिवसाला साधारण १४०-१५० ग्रॅम प्रथिनं लागतील. तीन अख्खी अंडी आणि पाच पांढरे बलक मिळून ३५ ग्रॅमच्या आसपास. पाव किलो कच्चं चिकन ब्रेस्ट, ५५. पन्नास ग्रॅम सोया चंक्स, २५-२६. दीड-दोन कप दूध किंवा दही, १२-१३. मेसची उसळ, वरण आणि पोळ्या मिळून वीसेक. झालं. रूमवर एक इंडक्शन आणि एक कुकर पुरतो. शिजवून डबे भरून ठेवायचे. चिकनचा खर्च जड जात असेल तर आठवड्यातले तीन दिवस अंडी, पनीर आणि सोयावर काढता येतात.

खरी गळती प्रथिनांत नसते, ती मेसच्या तेलात असते. एक चहाचा चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरीज, आणि रस्साभाजीच्या एका वाटीवर असे तीन-चार चमचे तरंगत असतात. मेसच्या काकूंना स्पष्ट सांग: "काकू, माझी भाजी वरचं तेल काढून द्या, भात अर्धा, उसळ दोन वाट्या." पुण्यातल्या मेसच्या काकू परीक्षेच्या वेळी मुलांना दही-साखर देणाऱ्या असतात, एवढं त्या आनंदाने करतात. भात-पोळी पूर्ण बंद करू नकोस. पायांच्या दिवशी पोटात कर्बोदकं नसतील तर स्क्वॉट निघणार नाही, आणि रात्री अभ्यासाला बसलास की अक्षरं डोळ्यांसमोर नाचतील. सुरुवातीला रोज चारशे-पाचशे कॅलरीजच कमी कर आणि चालणं वाढव. एकाच दिवसाच्या काट्यावर विश्वास ठेवू नकोस, आठवड्याची सरासरी बघ.

शेवटच्या आठवड्याबद्दल जीव तोडून सांगतो. पाणी बंद करू नकोस. मीठ बंद करू नकोस. लघवीच्या गोळ्यांना हात लावू नकोस. वजनाच्या खोलीबाहेरच्या पायऱ्यांवर दर वर्षी असा एखादा मुलगा बसलेला दिसतो: ओठ सुकून पांढरे, गाल आत, बाटलीत थुंकत बसलेला, पिंढरीत पेटका येतो म्हणून मित्र पाय चोळतोय. दोन दिवस पाणी प्यायलेला नसतो. तो स्टेजवर येतो तेव्हा स्नायू सपाट दिसतात, कारण स्नायूचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणीच आहे, आणि स्नायूत साठणारा ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम सोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. पाणी काढलं की फुगीरपणा गेला, कट्सही गेले. आणि हे फक्त दिसण्यापुरतं नाही. पोटॅशियम-सोडियमचा तोल गेला की हृदयाचा ठोका चुकतो. १९९२ साली मोहम्मद बेनाझिझा नावाचा मोठा व्यावसायिक खेळाडू हॉलंडमधली स्पर्धा आटोपून काही तासांत गेला, शरीरातलं पाणी काढण्याच्या नादात. ज्यांच्यामागे अनुभवी माणसं उभी असतात त्यांच्या बाबतीत हे होतं, तर हॉस्टेलच्या खोलीत ऐकीव माहितीवर प्रयोग करणाऱ्या मुलाचं काय?

तू एवढंच कर: शेवटचे दोन दिवस भात-बटाटा थोडा वाढव, पालेभाज्या आणि डाळी कमी कर म्हणजे पोट फुगणार नाही, पाणी नेहमीसारखं पी. हीच पद्धत स्पर्धेच्या तीन-चार आठवडे आधी एकदा करून बघ, शरीर कसं उत्तर देतं ते कळेल. अंगावरचे केस दोन-तीन दिवस आधी काढ, त्याच सकाळी नको, कातडी लाल होते. कलर, म्हणजे अंगाला लावायचा गडद रंग, आदल्या रात्री एक हात आणि सकाळी एक हात, कोपर-घोटे विसरू नकोस. बॅकस्टेजला हलका पंप घ्यायचा, म्हणजे थोड्या व्यायामाने स्नायूंत रक्त भरायचं: खांदे, पाठ, दंड. मांडीचा पंप घेऊ नकोस, कट्स बुजतात.

कागदपत्रांत मुलं अडकतात, म्हणून हे काम आधी उरकून टाक. उद्याच कॉलेजच्या जिमखान्यात जाऊन शारीरिक शिक्षण संचालकांना भेट. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, चालू वर्षाची फी पावती, बोनाफाईड, ओळखपत्र, फोटो, हे सगळं एका फाईलमध्ये. प्रवेशिकेची मुदत त्यांच्याकडूनच कळते, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डमधून नाही. स्पर्धेमुळे बुडणारे तास हजेरीत धरावेत म्हणून अर्ज आधीच द्यायचा असतो. बाहेरच्या 'श्री' स्पर्धांमध्ये लगेच उडी घेऊ नकोस. या खेळात संघटना एकापेक्षा जास्त आहेत, आणि मान्यता नसलेल्या संघटनेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापलीकडे कामाला येत नाही. पुढे नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाचा विचार असेल तर त्या वेळी लागू असलेला शासन निर्णय स्वतः वाच, त्यात कुठला खेळ आणि कुठल्या पातळीवरचं यश चालतं ते लिहिलेलं असतं. ट्रेनरच्या तोंडी आश्वासनावर करिअर उभं करू नकोस.

घरचं म्हणणं मला रास्त वाटतं, आणि ते खेळाच्या आड येत नाही. व्यायाम आणि शिक्षण एकाच छताखाली असावेत या विचाराने १९२४ साली शिवरामपंत दामल्यांनी पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ सुरू केलं. आज त्या संस्थेचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेजही आहे. आईवडिलांना हे सांगण्यापेक्षा मात्र गुणपत्रिका दाखव. दिवस असा बसव: पहाटे चालणं, कॉलेज, संध्याकाळी सव्वा तास जिम, रात्री जेवणानंतर पोझिंग आणि अभ्यास, आणि सात तास झोप. झोप कापलीस तर चरबी कमी आणि स्नायू जास्त जातो, आणि लेक्चरला डुलक्या येतील. शेवटच्या चार आठवड्यांत डोकं मंद चालतं, चिडचिड होते. ते चार आठवडे आणि सत्र परीक्षा एकमेकांवर येत असतील तर यंदा फक्त कॉलेजच्या निवडीपुरतं उतर आणि पुढच्या वर्षी पूर्ण तयारीने ये. बॅकलॉग घेऊन आलेल्या मुलाला घरून दुसऱ्या वर्षी परवानगी मिळत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एक तपासणी सुरुवातीलाच करून घे: रक्तदाब, साखर, लिपिड प्रोफाईल, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या, हिमोग्लोबिन. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर ईसीजी आणि डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

आणि स्पर्धेनंतरचे सहा आठवडे आत्ताच ठरवून ठेव. स्टेजवरून उतरल्या रात्री मित्र मिसळ, पाव, बासुंदी, सगळं घेऊन येतील. त्या रात्री खा. दुसऱ्या दिवसापासून मात्र दर आठवड्याला दीडशे-दोनशे कॅलरीज अशा चढव, नाहीतर पंधरा दिवसांत सात-आठ किलो परत येतात, पाय सुजतात आणि मुलं खचतात. सहा टक्के चरबी हे राहायचं ठिकाण नाही, त्यामुळे दोन-तीन किलो वजन वाढलं तर घाबरू नकोस. परीक्षकांपैकी कुणी भेटलं तर नम्रपणे विचार, "सर, माझं कमी काय पडलं?" बहुतेक जण सांगतात. ते वहीत लिही, आणि खाणं पुरेसं झालं की त्याच गोष्टीवर पुढचं वर्षभर कामाला लाग. ७० चा गट तुला खुणावतोय ना, तो असा दोन-तीन वर्षांत, भरलेल्या मांड्यांसकट येईल.